आगोटीला भरलेलं पोतं आणि जुलैत मरणारी पिल्लं

मृग ओसरला की पांढरे उंदीर वाढवणाऱ्यांचे मला फोन सुरू होतात. कधी सावंतवाडीकडून, कधी गुहागरकडून, आणि वाक्य ठरलेलं: ‘दादा, माद्या पिल्लं खायला लागल्यात.’ मेपर्यंत सगळं झकास चाललेलं असतं. एकेका मादीला आठ-दहा पिल्लं, पिंक्या (म्हणजे बिनकेसांची नवजात पिल्लं) गुलाबी आणि टंच. जुलैत तीच मादी चार पिल्लं देते, त्यातली दोन सकाळी दिसत नाहीत. एखादी गाभण दिसते, दिसता दिसता सपाट होते आणि पिंजऱ्यात पिल्लू म्हणून काही नसतंच. मग कोणी सांगतो जोड्या बदल, कोणी म्हणतो साथ आली, कोणी पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजाला दोष देतो.

मी कुडाळजवळ पांढरे उंदीर वाढवतो. छोटी जात, जिला धंद्यात माइस म्हणतात ती, आणि मोठी जात, म्हणजे रॅट. ते खाद्य म्हणून नेणारं गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एक, बॉल पायथन हा परदेशी अजगर पाळणारे, तेही २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेलेच. दोन, जखमी घुबडं आणि घारी सांभाळणारी मंडळी. नाग-धामण घरात ठेवून ‘जरा चार उंदीर द्या’ म्हणणाऱ्याला मी हात जोडतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि मला त्यात पडायचं नाही.

तर हा जुलैचा घोळ माझ्याकडे सलग तीन वर्षं झाला. तीन वर्षं मी माद्यांना नावं ठेवली. दोष त्यांचा नव्हता.

आधी पाणी, मग मेलेलं पिल्लू

पिल्लं खाल्ली जातात म्हटल्यावर पहिली दोन मिनिटं पाण्याच्या बाटलीला द्या. नळीतली गोळी अडकलेली असते, बाटली भरलेली दिसते, आणि मादी रात्रभर तहानलेली असते. दूध पाजणाऱ्या मादीला नेहमीच्या कितीतरी पट पाणी लागतं. बोट लावून थेंब येतो का बघा. आला तर पुढे चला.

मेलेलं किंवा मलूल पिल्लू मिळालं तर ते फेकू नका, उजेडात धरा. पिंकीची कातडी इतकी पातळ असते की पोटात दूध असेल तर डाव्या कुशीला पांढरा ठिपका स्वच्छ दिसतो. ठिपका असेल तर पिल्लू प्यायलं होतं, म्हणजे भानगड दुसरीकडे आहे: गारठा, गर्दी, मुंग्या, किंवा तुम्ही दर तासाला झाकण उघडून बघता ते. ठिपका नसेल, आणि एकाच नव्हे तर दोन-तीन पिंजऱ्यांत नसेल, तर आईला दूधच उतरत नाही. दूध उतरत नसेल तर तिच्या खाण्याकडे वळायचं.

माझ्याकडे दुसऱ्या वर्षी सात पिंजऱ्यांपैकी पाचांत ठिपका नव्हता. तरीही मी जोड्याच बदलत बसलो. शहाणपण उशिरा येतं.

पोत्यात हात घालून बघा

कोकणात पावसाळ्याची आगोट भरणं रक्तात आहे. मे महिन्यात सुकी मासळी, मिरची, कांदे, कोकम, तांदूळ, सगळं माळ्यावर. उंदरांचं खाणंही मी तसंच भरायचो: गिरणीतून तांदळाची कणी आणि बारीक कोंडा, तेलघाणीवरून खोबऱ्याची पेंड, बाजारातून शेंगदाण्याची पेंड. चार पोती, थेट गणपतीपर्यंतची सोय. स्वस्तात पडायचं आणि मनाला बरं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी जुलैत पोत्यातून खाणं काढताना ओंजळीऐवजी कोपरापर्यंत हात आत गेला. वरचा थर गार आणि मध्ये कोमट! बाहेर धो धो पाऊस, घरातली चादरसुद्धा दमट, आणि पोत्याच्या पोटात कुणीतरी झोपून उठल्यासारखी ऊब. ती ऊब बुरशीची. धान्यात ओल शिरली की बुरशी श्वास घेते, गरम होते, आणि त्या गरमीने आणखी ओल सुटते. मूठ बाहेर काढली तर पेंडेचे खडे एकमेकांना जाळ्याने चिकटलेले आणि घमघमाट असा की काकी मागच्या पडवीतून आली.

‘मेल्या, खवट म्हणान ह्या माका नको, आनि ता त्या उंदरांका घालतस? तेंका काय जीव नाय?’

काकीच्या त्या एका वाक्यात अख्खं निदान होतं.

खवटपणा एकाच जातीचा नसतो, हे मला नंतर कळलं. खोबऱ्याची चरबी हवेने सहसा बिघडत नाही. तिला ओल आणि बुरशी फोडते, आणि तो साबणासारखा वास येतो. तांदळाच्या बारीक कोंड्याची गोष्ट आणखी वाईट. गिरणीतून बाहेर पडल्या क्षणापासून त्यातलाच एक घटक स्वतःचं तेल फोडायला लागतो, म्हणून तो ताजा असतानाच वापरायचा, मे ते सप्टेंबर साठवायचा विचारसुद्धा नाही. शेंगदाणा, सोयाबीन, जवस यांचं तेल मात्र हवेने खवट होतं, आणि होताना खाण्यातलं ई जीवनसत्त्व संपवत जातं.

इथे गाभण दिसून सपाट होणाऱ्या माद्यांकडे परत या. १९२२ साली अमेरिकेत बर्कलीला हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी रॅट माद्यांवरच हे पाहिलं होतं. ठरावीक शुद्ध आहारावर माद्या गाभण राहायच्या, पण पिल्लं पोटातच जिरून जायची. लेट्युसची पानं दिली की थांबायचं, गव्हाच्या अंकुरानेही थांबायचं. त्या अज्ञात घटकाला पुढे ई जीवनसत्त्व हे नाव पडलं, आणि १९३६ला त्यातल्या रसायनाला टोकोफेरॉल म्हणू लागले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ साधारण ‘बाळंतपण घडवणारं’. म्हणजे आपल्या पिंजऱ्यातली सपाट झालेली मादी हे शंभर वर्षांपूर्वीचं सोडवलेलं कोडं आहे. माझ्याकडे फक्त ई जीवनसत्त्वच कमी होतं असा दावा मी करणार नाही. त्या पोत्यात काय काय कमी नव्हतं ते विचारा.

शेंगदाणा पेंडेबद्दल मात्र माझं मत एकतर्फी आहे: पावसाळ्यात नको म्हणजे नको. तिच्यावर येणारी हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. १९६०मध्ये इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की कोंबड्या मेल्या त्या शेंगदाण्याच्या पेंडेनेच, आणि त्या प्रकरणातूनच हे विष सापडलं. ‘भाजून घेऊ’ हा उपाय नाही. भाजल्याने बुरशी मरते, विष राहतं. धुऊन, उन्हात घालूनही विश्वास ठेवू नका. आणखी एक मेख अशी की पूर्ण वाढलेले माइस हे विष बऱ्यापैकी सोसतात, रॅटचं लिव्हर सोसत नाही. त्यामुळे एकाच पोत्यावर माइस ठणठणीत आणि रॅट खंगलेले दिसतात, आणि आपण म्हणतो, ‘खाण्यात दोष असता तर माइसनाही झालं नसतं का?’ मीही हेच म्हणालो होतो.

पण मेपर्यंत ठीक का होतं?

हा प्रश्न मला पोतं सापडल्यावरही छळत होता, कारण मुळात माझं मिश्रणच हलकं होतं. हिशोब करून बघा. कणीत प्रथिनं सुमारे ७ टक्के, कोंड्यात १२-१३, खोबऱ्याच्या पेंडेत २०च्या आसपास. मी साठ-वीस-वीस असं घालायचो. गोळाबेरीज येते ११ टक्क्यांच्या आत. विणाऱ्या आणि दूध पाजणाऱ्या मादीला १८ ते २० टक्के लागतात. शेंगदाणा पेंड मी अधूनमधून मूठभर टाकायचो, ती हिशोबात धरण्याजोगी नाही. मग ऑक्टोबर ते मे या माद्या दहा-दहा पिल्लं कशाच्या जोरावर वाढवत होत्या?

उत्तर वहीत सापडलं. मी खर्च लिहितो, आणि त्यात ‘मासळीची डोकी, १० रुपये’ अशी ओळ दर दोन दिवसांनी होती. बांगड्याची, पेडव्याची डोकी उकडून मी त्यांना घालायचो, तेही लाड म्हणून, हिशोब म्हणून नव्हे. ती ओळ दर वर्षी मेअखेर थांबते, कारण १ जूनला मासेमारी बंद होते आणि होड्या दोन महिने वाळूवर चढतात. म्हणजे ज्या आठवड्यात माझ्या उंदरांची खरी प्रथिनं बंद व्हायची, त्याच आठवड्यात पोतं सादळायला लागायचं. दोन खड्डे एकाच जागी. जुलै उजाडेपर्यंत अंगावरचं सगळं संपलेलं असायचं.

नुसत्या भातावर उंदीर जगत नाहीत असं नाही, जगतात. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी कुन्नूरच्या प्रयोगशाळेत (आज हैदराबादेत असलेली राष्ट्रीय पोषण संस्था तिथूनच वाढली) रॅटना भारतातल्या वेगवेगळ्या भागांतला माणसांचा आहार घालून पाहिला होता. गव्हाची पोळी, दूध, डाळ, भाजी खाणाऱ्या पंजाबी आहारावरचे रॅट सर्वांत धडधाकट निघाले, आणि पॉलिशच्या तांदळावरचे सर्वांत खुरटे. आपण भातखाऊ माणसं मासे आणि नारळ जोडीला घेतो म्हणून निभतं. उंदराच्या वाटीत नुसती कणी पडते.

मी आता काय घालतो

मुख्य खाणं पेलेट, म्हणजे दाबून बनवलेल्या खाद्याच्या कडक कांड्या. प्रयोगशाळेच्या उंदरांसाठी बनवतात ती, कोंबड्यांची नव्हे. गोणीवर बनवल्याची तारीख बघून घ्या. छापलेली मुदत सहा महिन्यांची असली तरी आपल्या हवेत, गोणी फोडल्यावर, मी दीड महिन्याच्या पुढे ती ठेवत नाही. पेलेटचा मोठा फायदा म्हणजे निवडानिवड नाही. सुटं मिश्रण दिलं की माइस आधी तीळ आणि जवळा उचलतात आणि गहू तुमच्यासाठी ठेवतात.

अडचण एवढीच की घाटात दरड कोसळली की गोणी कोल्हापुरात अडकते. त्या दिवसांसाठी हे एक किलोचं माप, माझ्या वहीतलं: गव्हाचा जाडा दलिया ४७५ ग्रॅम, नाचणी १५०, भाजलेलं सोयाबीन १५०, फुटाणे १५०, सुका जवळा ५०, तीळ २०, आणि अंड्याच्या टरफलाची पूड ५ ग्रॅम. प्रथिनं साडेअठराच्या जवळ जातात, चरबी साडेपाच टक्के. नाचणी आणि जवळा कॅल्शियमसाठीही आहेत, पण तेवढ्याने भागत नाही म्हणून टरफल. ते नसेल तर तिसऱ्यांची शिंपली भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून चालते. चुना मात्र नको, तो जाळतो.

सोयाबीन कच्चं कधीच नाही. कच्च्या कडधान्यात प्रथिनं पचूच न देणारे घटक असतात. टरफल तडकून कच्चा वास जाईपर्यंत भाजा. कुळीथ, आठळ्या यांनाही हाच नियम. उकडलेल्या आठळ्या रॅटना इतक्या आवडतात की मे महिन्यात त्यांच्याशी माझी स्पर्धा असते, पण तो पिठूळ खाऊ आहे, जेवण नव्हे. जवळा पाण्यातून दोनदा काढून वाळू झाडायची, मग तव्यावर कोरडा करायचा. खारवलेला बांगडा अजिबात नाही.

हे सगळं जाडसर दळून, पाण्यात मळून मी जाड भाकऱ्या थापतो आणि मंद तव्यावर लाकडासारख्या कडक करतो. निवडानिवड संपते आणि दातांनाही काम मिळतं. भाजण्यात काही जीवनसत्त्वं जातात, म्हणून आठवड्यातून दोनदा शेगलाची (शेवग्याची) पानं आणि मोडाचा गहू वेगळा. हे मिश्रण पंधरा दिवसांचा बदली कामगार आहे. त्यावर वर्षभर कॉलनी चालवू नका.

कोंबडीखाद्य चालेल का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, कारण ते प्रत्येक नाक्यावर सुटं मिळतं. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य नको. टरफल बनावं म्हणून त्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं, उंदराला अर्धा टक्का पुरतं. सात-आठ पट. ब्रॉयलरच्या खाद्यात प्रथिनं बरोबर बसतात, पण त्यात बहुधा औषध मिसळलेलं असतं, आणि सुट्या पिशवीवर लेबल नसतं. तुमचा उंदीर जो खातो ते उद्या घुबडाच्या पोटात जाणार आहे, हे लक्षात ठेवून ठरवा.

खानावळीचं उरलेलं: मीठ, तेल, तिखट. नाही. काजूचे तुकडे वरचेवर नाहीत, निम्मी चरबीच असते. आणि काजूची टरफलं बिछान्याला वापरण्याची अक्कल एकाने लढवली होती. त्यातलं तेल कातडी भाजतं, उंदरांचे पाय सोलवटून निघाले.

उलटी तक्रार: फार लठ्ठ

याला पाऊस लागत नाही. पिल्लं देणं थांबलेल्या रॅट माद्या आणि एकटे ठेवलेले नर सूर्यफुलाच्या बिया, खोबरं खाऊन लोण्याचे गोळे होतात, आणि दिसायला ‘चांगला माल’ वाटतात. माझ्या एका गिऱ्हाइकाने असे रॅट परत पाठवले तेव्हा मला राग आला होता. त्याचं बरोबर होतं. पिंजऱ्यातला पायथन हालचाल करतो किती? त्याला चरबीचा गोळा दिला की ती चरबी त्याच्या अंगावर चढते. विक्रीचे रॅट मी आता पेलेटवरच ठेवतो, दिवसाला १५ ते २० ग्रॅम. माइसला ४-५ ग्रॅम पुरतात. पाजणाऱ्या मादीला मात्र माप लावायचं नाही, वाटी रात्रंदिवस भरलेली.

केस तेलकट आणि विरळ दिसले तर खाण्याआधी खरजेचे किडे तपासा. प्रत्येक गोष्ट पोत्यावर ढकलायची सवय मलाही लागली होती.

ओल मोजायची गावठी रीत

कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्य आणि चमचाभर मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा, थोडं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात ओल जास्त आहे, साठवू नका. जुलैतलं आपलं मीठ आधीच पाणावलेलं असतं, तेव्हा ते तव्यावर भाजून गार करूनच वापरा, नाहीतर प्रत्येक पोतं नापास होईल.

पोतं फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. त्यातलं रोजचं खाणं घट्ट झाकणाच्या पिंपात, आठवड्यापुरतं. पिंप रिकामं झाल्याशिवाय वरून नवीन ओतायचं नाही. तळाशी राहिलेला मूठभर जुना माल नव्याला विरजण लावतो. पोतं रानटी उंदरांनी फाडलं असेल तर ते अख्खं बाद. त्यांच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो, सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टो म्हणजे काय हे सांगायला नको. ते पोतं उचलताना हातमोजे घाला, पायावर जखम असेल तर दुसऱ्याला सांगा.

खाणं बदलल्यावर चार दिवसांत फोन करून ‘फरक नाही’ म्हणू नका. माइसची गाभण १९ ते २१ दिवसांची, रॅटची २१ ते २३. आज पोटात असलेली वेत जुन्या पोत्यावर वाढलेली आहे, ती बिघडली तरी बिघडू द्या. मादीला त्या वेतीनंतर दोन-तीन आठवडे नरापासून वेगळं ठेवा, कारण व्यायल्यावर दिवसभरातच ती पुन्हा गाभण राहू शकते आणि रिकाम्या अंगावर आणखी एक ओझं पडतं. त्यानंतरची वेत मोजा. पिंजऱ्यावर चिठ्ठी लावून तारीख, जन्मलेली पिल्लं आणि एकविसाव्या दिवशी उरलेली पिल्लं, एवढे तीनच आकडे लिहा. माझ्याकडे गेल्या जुलैत जन्मलेल्या नऊंतली सरासरी आठ उरली. मेच्या आकड्यापेक्षा एक कमी, आणि तो एक कुठे जातो ते अजून शोधतोय. संशय पडवीतल्या गारठ्यावर आहे.